फाशी स्वस्त, तपास महाग

४ डिसेंबर २०१७ रोजी मध्य प्रदेशाच्या विधानसभेने एक विधेयक एकमताने मंजूर केलं. बारा वर्षं किंवा त्याहून कमी वयाच्या मुलीवर बलात्कार करणाऱ्याला फाशी देता यावी, म्हणून राज्याने दंड संहितेत दुरुस्ती केली. खुनाला जी कमाल शिक्षा, तीच या गुन्ह्याला. असं करणारं आपलंच राज्य पहिलं, हे तेव्हाच्या शिवराजसिंह चौहान सरकारने छाती पुढे काढून सांगितलं. काही महिन्यांतच राजस्थान आणि हरियाणा त्याच वाटेने गेले. एप्रिल २०१८ मध्ये केंद्राने अध्यादेश काढला आणि तीच तरतूद देशभर लागू झाली.

मी जबलपुरात फौजदारी वकिली करतो. खुनाच्या खटल्यांची कागदपत्रं चाळणं हे माझं रोजचं काम आहे. त्या कागदांच्या आधारावर सांगतो, की हा कायदा मुलींच्या संरक्षणासाठी झालेला नाही. सरकारने आपलं अपयश झाकण्यासाठी तो केला. असे कायदे याआधीही झाले, पुढेही होतील, आणि दर वेळी लोक टाळ्या वाजवतील. म्हणून हे एकदा स्पष्ट लिहायला हवं.

त्या विधेयकाच्या महिनाभर आधी काय घडलं ते आठवा. ३१ ऑक्टोबर २०१७ च्या संध्याकाळी भोपाळच्या हबीबगंज स्थानकाजवळ एकोणीस वर्षांच्या मुलीवर चौघांनी सामूहिक बलात्कार केला. ती आणि तिचे आई-वडील तक्रार द्यायला गेले, तर हद्द आमची नाही म्हणत त्यांना एका ठाण्यातून दुसऱ्या ठाण्यात फिरवलं गेलं. आरोपी धरून देण्याचं कामही त्या कुटुंबालाच करावं लागलं. वैद्यकीय अहवालात तर संमतीने संबंध झाल्याचं लिहून ठेवलं होतं. बोभाटा झाल्यावर तो अहवाल बदलला. जबलपूरच्या उच्च न्यायालयाने या सगळ्याची स्वतःहून दखल घेतली आणि सरकारला फैलावर घेतलं.

यात कायदा कुठे कमी पडला होता? हद्द कुठलीही असो, गुन्हा नोंदवलाच पाहिजे, हे आधीपासून बंधनकारक होतं. टाळाटाळ करणाऱ्या पोलिसाला तुरुंगात पाठवण्याची तरतूद २०१३ पासून दंड संहितेतच होती. शिक्षाही कमी नव्हती. त्याच वर्षी २३ डिसेंबरला भोपाळच्या न्यायालयाने चौघाही आरोपींना मरेपर्यंत जन्मठेप सुनावली, ती जुन्याच कायद्याखाली. म्हणजे कायदा पुरेसा होता. नादान होते ते पोलीस आणि रुग्णालय. आणि सरकारने केलं काय? ठाणी तशीच ठेवली, रुग्णालयं तशीच ठेवली आणि बारा वर्षांच्या आतल्या मुलींसाठी फाशी आणली. पीडित मुलगी एकोणीस वर्षांची होती. नवा कायदा तिच्या प्रकरणाला लागूच होत नव्हता. रोग रेड्याला आणि औषध पखालीला, हा आपल्याकडे सरकारी कारभाराचा शिरस्ताच होऊन बसला आहे.

हे औषध निरुपयोगी असतं तरी एक वेळ चाललं असतं. ते घातक आहे. बलात्कारालाही फाशी आणि बलात्कार करून खून केला तरी फाशीच असेल, तर त्या नराधमाने मुलीला जिवंत का सोडावं? जिवंत मुलगी ही त्याच्याविरुद्धची पहिली साक्षीदार. तिला मारून टाकलं तर शिक्षा वाढत नाही, उलट पुरावा कमी होतो. खून हा सर्वांत मोठा गुन्हा आणि त्याची शिक्षा सर्वांत मोठी, ही उतरंड कायद्यात विनाकारण ठेवलेली नव्हती. गुन्हेगार कितीही पुढे गेलेला असो, मागे फिरण्याचं काहीतरी कारण त्याच्याजवळ शिल्लक राहावं, यासाठी ती होती. विधानसभेने ते कारण एकमताने काढून घेतलं.

दुसरी गोष्ट कुठल्याही शाळेतल्या बाईंना विचारा. अशा गुन्ह्यांत आरोपी अनोळखी क्वचितच असतो. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाचे अहवाल वर्षानुवर्षं सांगतात, की नव्वद टक्क्यांहून अधिक प्रकरणांत तो ओळखीतला असतो. काका, मामा, शेजारी, शिकवणीचा मास्तर, कधी सख्खा बाप. तक्रार दिली तर घरातला माणूस फासावर जाईल, हे कळल्यावर किती आया ठाण्याची पायरी चढतील? आजी, आत्या, थोरले दीर सगळे मिळून त्या बाईचं तोंड दाबतील. शिक्षा जितकी भयंकर, तितकं मुलीवर गप्प बसण्याचं दडपण मोठं. या कायद्याने सर्वांत जास्त संरक्षण दिलं ते घरातल्या गुन्हेगाराला.

कायदा आल्यावर पुढे काय झालं, तेही पाहा. २०१८ या एका वर्षात मध्य प्रदेशातल्या सत्र न्यायालयांनी २२ जणांना फाशी सुनावली. त्या वर्षीचा देशातला तो उच्चांक होता. काही खटले आरोपपत्रापासून निकालापर्यंत काही दिवसांत उरकले. हे आपोआप घडलं नाही. राज्याच्या अभियोजन संचालनालयाने सरकारी वकिलांसाठी गुणांची पद्धत लावली होती. फाशी मिळवून दिली की १००० गुण, जन्मठेपेला ५००. गुण जास्त त्याचा सत्कार, गुण कमी त्याला तंबी. २०२२ मध्ये हा प्रकार सर्वोच्च न्यायालयासमोर आला, तेव्हा न्यायमूर्तींनी राज्याकडे जाब मागितला आणि खुद्द महान्यायवादींनीही अशी पद्धत रद्द व्हावी असंच मत दिलं.

सरकारी वकील कुणाचा खासगी वकील नसतो. पुरावा आरोपीच्या बाजूचा असला तरी तो न्यायालयापुढे ठेवणं हे त्याचं कर्तव्य आहे. फाशीवर गुण लावले, की त्याच्यापुढे रोज एकच प्रश्न उभा राहतो, हा पुरावा दाखवू की बढती घेऊ? ज्या सरकारने त्याला या पेचात टाकलं, त्या सरकारला न्यायाबद्दल बोलण्याचा अधिकार नाही.

खुनाचा पुरावा कसा मातीत जातो, हे लोकांना कधी जवळून दाखवलं जात नाही. रक्ताने भिजलेला शर्ट जप्त केला, तर तो सावलीत वाळवून कागदी पाकिटात बंद करायचा असतो. प्रत्यक्षात तो ओलाच प्लास्टिकच्या पिशवीत कोंबतात. मालखान्याच्या उकाड्यात दोन आठवड्यांत त्याला बुरशी येते, आणि मग सागरच्या न्यायवैद्यक प्रयोगशाळेतून शेरा येतो, की नमुना तपासणीयोग्य नाही. जप्तीचा पंचनामा घटनास्थळी व्हायचा असतो. तो ठाण्यातल्या टेबलावर एकाच शाईत, एकाच हस्ताक्षरात लिहिला जातो. पंच म्हणून ठाण्याच्या समोरचा चहावाला आणि त्याच्या शेजारचा पानवाला. तीच दोन नावं मग दुसऱ्या खुनात, तिसऱ्या चोरीत, चौथ्या दारूच्या केसमध्ये सापडतात. पेशीच्या दिवशी ते पंच सांगतात, साहेब, सही माझी आहे, वाचलं काही नव्हतं. पाकिटावरच्या लाखेच्या मोहरेचा ठसा आणि कागदावरचा नमुना जुळत नाही. न्यायाधीश काय करणार? संशयाचा फायदा आरोपीला. देशात खुनाच्या निकाली निघालेल्या खटल्यांपैकी निम्म्यांतही शिक्षा होत नाही, याचं मूळ या पिशवीत आणि या पंचनाम्यात आहे. फाशीची तरतूद वाढवून त्या शर्टावरची बुरशी जाणार नाही.

आणि पुरावा असा पोकळ असताना जो शिक्षा भोगतो तो कोण असतो? बालाघाट जिल्ह्यातला एक गोंड तरुण भोपाळला डॉक्टरी शिकत होता, शेवटच्या वर्षाला होता. २००८ मध्ये एका तरुणीच्या खुनात त्याला अटक झाली, २००९ मध्ये जन्मठेप. अपील जबलपूरच्या उच्च न्यायालयात पडून राहिलं. ४ मे २०२२ रोजी खंडपीठाने त्याला निर्दोष सोडलं, तपास हेतुपुरस्सर त्याला अडकवण्यासाठी केला गेला असं नोंदवलं आणि ४२ लाख रुपये भरपाईचा आदेश दिला. तेरा वर्षांहून अधिक काळ तो तुरुंगात होता. चोर सोडून संन्याशाला सुळी, ही म्हण आमच्या उच्च न्यायालयाच्या निकालात शब्दशः खरी झाली. त्याला जन्मठेप झाली होती म्हणून तो निकाल ऐकायला जिवंत होता. गुणांची पद्धत तेव्हा असती, आणि एखाद्या महत्त्वाकांक्षी वकिलाने फाशीचा हट्ट धरला असता, तर?

महाराष्ट्राने यात नाक मुरडण्याचं कारण नाही. नाशिकच्या सत्र न्यायालयाने २००६ मध्ये खुनांच्या एका खटल्यात भटक्या जमातीतल्या सहा जणांना फाशी सुनावली. उच्च न्यायालयाने तिघांची फाशी जन्मठेपेवर आणली, तर २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती पुन्हा सहाही जणांना लावली. त्यातला एक जण घटनेच्या वेळी अल्पवयीन होता. ५ मार्च २०१९ रोजी त्याच सर्वोच्च न्यायालयाने सहाही जणांना निर्दोष ठरवलं आणि प्रत्येकी पाच लाख रुपये भरपाईचा आदेश दिला. प्रत्यक्षदर्शी बाईने पोलिसांच्या फोटोंमधून दुसऱ्याच चौघांना ओळखलं होतं आणि पोलिसांनी तो धागा सोडून दिला होता. देशाच्या सर्वोच्च न्यायालयाने फाशी कायम केलेली माणसं निरपराध निघाली. मधल्या काळात दोर आवळला गेला असता, तर भरपाईचे पाच-पाच लाख कुणाच्या हातात ठेवणार होतो?

भटक्यांवरच संशय का येतो, याचं उत्तर आमच्या जबलपुरात आहे. खुनाच्या कायद्यातून पुराव्याचं ओझं उतरवण्याचा मोठा प्रयोग याच शहरातून झाला. इंग्रज अधिकारी विल्यम स्लीमन इथे बसून ठगांचा बंदोबस्त करत होता. वाटसरूंचे गळे आवळणाऱ्या टोळ्या होत्या, पुरलेली प्रेतं उकरून काढली गेली, हे खरं. पण कुणी, कुणाला, कधी मारलं हे सिद्ध करणं जड जाऊ लागलं, तेव्हा कंपनी सरकारने १८३६ चा तिसावा कायदा केला. कुठल्याही ठग टोळीत, कायद्याआधी वा नंतर, सामील होता एवढं सिद्ध झालं की सक्तमजुरीची जन्मठेप. खून सिद्ध करायची गरजच संपली. माफीच्या साक्षीदाराने बोट दाखवावं आणि माणूस आत जावा. ठगांची पोरंबाळंसुद्धा जबलपुरात पहाऱ्याखाली ठेवून गालिचे आणि तंबूचं कापड विणायला बसवली. याच विचाराने १८७१ मध्ये गुन्हेगार जमाती कायदा आणला आणि जन्मालाच गुन्हा ठरवलं. सोलापूरच्या सेटलमेंटचं तारेचं कुंपण मराठी माणसाला वेगळं सांगायला नको. तो कायदा १९५२ मध्ये रद्द झाला, पण ठाण्याच्या नजरेतून गेला नाही.

याच शहराचं नाव आणखी एका निकालाला चिकटलं आहे. आणीबाणीत जबलपूरच्या उच्च न्यायालयाने स्थानबद्धांचा अर्ज ऐकून घेण्याचं धाडस दाखवलं. २८ एप्रिल १९७६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने चार विरुद्ध एक मतांनी ते मोडून काढलं. न्यायमूर्ती खन्ना एकटे विरोधात उभे राहिले. एखाद्या पोलिसाने वैयक्तिक वैरातून माणूस मारला तरी दाद मागता येणार नाही का, असं त्यांनी विचारलं, तेव्हा आणीबाणी असेपर्यंत नाही, असं सरकारच्या महान्यायवादींनी भर न्यायालयात कबूल केलं. बहुमतात आपले यशवंत चंद्रचूड होते. तो निकाल मोडीत निघायला २०१७ चा ऑगस्ट उजाडावा लागला. सरकारकडून पुरावा मागणं सोडलं, की गोष्ट कुठपर्यंत जाते, हे जबलपूरकराला पुस्तकातून शिकावं लागत नाही.

१ जुलै २०२४ पासून दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता आली. खुनाचं कलम ३०२ आता १०३ झालं. पाच किंवा अधिक जणांच्या जमावाने जात, भाषा, जन्मस्थान अशा कारणांवरून केलेल्या खुनाला स्वतंत्र पोटकलम मिळालं, हे योग्यच. संघटित गुन्हेगारीच्या कलम १११ मध्ये मात्र टोळीचा नुसता सदस्य असणं हा स्वतंत्र गुन्हा झाला, पाच वर्षांपासून जन्मठेपेपर्यंत. महाराष्ट्राने १९९९ मध्ये मोक्कात हेच केलं होतं, आणि त्याचा पूर्वज १८३६ चा आहे. या बदलांमधली सर्वांत उपयोगी तरतूद वेगळीच आहे. सात वर्षं किंवा त्याहून अधिक शिक्षेच्या गुन्ह्यात न्यायवैद्यक पथकाने घटनास्थळी जाऊन पुरावा गोळा करणं आणि त्याचं चित्रीकरण करणं नव्या नागरिक सुरक्षा संहितेने सक्तीचं केलं. पण ही सक्ती कधीपासून, ते राज्यांनी पाच वर्षांच्या आत ठरवायचं. कठोर कलमं पहिल्या दिवसापासून, पुराव्याचं काम सवडीने! सरकारला कशाची घाई आहे आणि कशाची नाही, हे याहून उघडपणे लिहिता येणार नाही.

मुंबईत वेगळं काही घडलं नाही. महाराष्ट्र विधिमंडळाने डिसेंबर २०२१ मध्ये शक्ती विधेयक एकमताने मंजूर केलं, त्यातही फाशी होती. राष्ट्रपतींची मंजुरी त्याला मिळालीच नाही. ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापूरला शाळेतच अत्याचार झालेल्या चिमुरड्यांच्या पालकांना गुन्हा नोंदवून घेण्यासाठी तासन्‌तास ठाण्यात बसवून ठेवलं. लोक रुळांवर उतरले आणि पुन्हा एकच मागणी, फाशी द्या. महिनाभरात आरोपी पोलिसांच्या गोळीने मेला. खटला झालाच नाही, म्हणून शाळेत कुणी काय दडवलं हे त्याच्या तोंडून कधी कळणार नाही.

मला विचारतात, तुमच्या घरातली मुलगी असती तर? तर मीही त्या माणसाचा गळा धरला असता. आईबापाचा तो संताप खरा आहे आणि त्याच्यापुढे मी मान खाली घालतो. पण कायदा लिहिणाऱ्याने त्या संतापावर स्वतःची पोळी भाजून घ्यावी, हे मला मान्य नाही. त्या आईला काय हवं असतं? पहिल्या तासात तक्रार घेतली जावी, तपासणी नीट व्हावी, साक्षीच्या दिवशी तिच्या मुलीला आरोपीसमोर रडवलं जाऊ नये आणि खरा गुन्हेगार सुटू नये. यातलं एकही काम फाशीच्या कलमाने होत नाही. २००० ते २०१४ या काळात खालच्या न्यायालयांनी दिलेल्या फाशींचा दिल्लीच्या राष्ट्रीय विधी विद्यापीठाने अभ्यास केला. शेवटपर्यंत टिकल्या पाच टक्क्यांहून कमी, आणि जवळपास तीस टक्के माणसं निर्दोष सुटली. फाशीच्या कैद्यांपैकी सुमारे तीन चतुर्थांश गरीब घरांतले होते. म्हणजे त्या आईला सत्र न्यायालयाच्या दारात न्यायाची पावती दिली जाते, आणि दहा वर्षांनी ती वटत नाही.

आमच्या जबलपूरच्या मध्यवर्ती तुरुंगात फाशीघर आहे. ८ ऑगस्ट २०१३ ही तारीख तिथे एका आदिवासी कैद्यासाठी ठरली होती. आदल्या रात्री सरन्यायाधीशांच्या घरी अर्ज गेला आणि स्थगिती मिळाली. २१ जानेवारी २०१४ रोजी शत्रुघ्न चौहान निकालात सर्वोच्च न्यायालयाने पंधरा जणांची फाशी जन्मठेपेत बदलली, त्यात तोही होता. दिल्लीत रात्री धावपळ करणारे वकील भेटले म्हणून तो वाचला. माणसाचा जीव अशा योगायोगावर सोडणाऱ्या व्यवस्थेला मी न्याय म्हणणार नाही.

म्हणून माझ्या मागण्या साध्या आहेत. न्यायवैद्यक पथकाची सक्ती उद्यापासून लागू करा आणि प्रत्येक जिल्ह्यात पथक द्या. खुनाचा तपास कायदा-सुव्यवस्थेच्या बंदोबस्तापासून वेगळा करा. मिरवणुकीत उभ्या असलेल्या फौजदाराकडून पुरावा नीट गोळा होत नाही. तक्रार नाकारणाऱ्या अधिकाऱ्यावर खटला भरा, नुसतं निलंबन नको. निर्दोष सुटलेल्याच्या भरपाईचे पैसे खोटा तपास करणाऱ्याच्या पगारातून वसूल करा. सरकारी वकिलाचं मूल्यमापन शिक्षेच्या आकड्यावर होणार नाही, असं कायद्यात लिहा. २०२२ च्या मनोज निकालात सर्वोच्च न्यायालयाने शिक्षा ठरवण्याआधी आरोपीची पार्श्वभूमी आणि तुरुंगातलं वर्तन मागवायला सांगितलं. तो निकाल मध्य प्रदेशाच्याच एका खटल्यातला आहे. तो इथल्या प्रत्येक सत्र न्यायालयात पाळला जातो की नाही, ते तपासा.

या सगळ्याला पैसा लागतो, माणसं लागतात आणि पाच वर्षांत फोटो काढण्यासारखं काही उभं राहत नाही. फाशीला एका दिवसाचं अधिवेशन पुरतं. पुढच्या वेळी कुणी मंत्री खुनाचा किंवा बलात्काराचा कायदा आणखी कडक केल्याची घोषणा करील, तेव्हा त्याला एवढंच विचारा, की तुमच्या जिल्ह्यात रक्ताचा नमुना तपासून किती दिवसांत येतो? याचं उत्तर त्याला देता येत नसेल, तर टाळी वाजवू नका.